तीस सेकंदांचा सेनापती

मँचेस्टर शहराच्या बेल व्ह्यू भागात, तिथल्या प्रसिद्ध प्राणिसंग्रहालयाला लागून बांधलेल्या एका नव्या कोऱ्या मैदानात २४ जुलै १९२६ रोजी सुमारे १७०० माणसे जमली होती. शनिवारची संध्याकाळ होती. विजेवर पळणारा एक खोटा ससा रुळावरून सरसरत गेला, पेट्यांची दारे उघडली आणि सात ग्रेहाउंड कुत्रे त्याच्यामागे सुटले. मिस्टले नावाच्या कुत्र्याने ही पहिली शर्यत जिंकली. अंतर होते ४४० यार्ड, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आणि त्याला वेळ लागला अवघा २५ सेकंद. बघता बघता शर्यत संपलीसुद्धा! बाहेर पडणाऱ्या लोकांना आपण काय पाहिले याचा नीट अंदाज आला असेल असे वाटत नाही. परंतु पुढल्या काही आठवड्यांत याच मैदानावर १६ हजारांची गर्दी होऊ लागली.

हा खेळ इंग्लंडमध्ये आणून रुजवणारे ब्रिगेडियर जनरल आल्फ्रेड सेसिल क्रिचली त्या वेळी ३६ वर्षांचे होते. ब्रिटनमध्ये एके काळी घरोघरी ठाऊक असलेले हे नाव आता क्वचितच कोणाच्या तोंडी येते. आपल्याकडे तर ते पोहोचलेच नाही. मात्र ग्रेहाउंडच्या लांब पल्ल्याच्या शर्यती का आटल्या, या प्रश्नाचा माग काढू लागले की वाट फिरून फिरून याच गृहस्थांच्या दारात येते.

क्रिचलींचा जन्म २३ फेब्रुवारी १८९० रोजी कॅनडातल्या कॅल्गरी येथे झाला. तेव्हाचे कॅल्गरी म्हणजे नुकतीच रेल्वे पोहोचलेले एक गाव. वडील गुरे-घोडे पाळणारे मोठे पशुपालक. घोड्यावर बसायला मूल कधी शिकले हे विचारायचीही गरज नसावी, अशा वातावरणात बालपण गेले. वयाच्या नवव्या वर्षी ते इंग्लंडला आले आणि कंबरलँडमधल्या सेंट बीज शाळेत शिकले. पुढे कॅनडाला परतून लॉर्ड स्ट्रॅथकोनाज हॉर्स या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा वय २४. युद्धात त्यांना डीएसओ हे शौर्यपदक मिळाले. परंतु त्यांचे खरे कसब रणांगणापेक्षा कवायतीच्या मैदानावर दिसले. थोड्या दिवसांत पुष्कळ माणसे शिकवून तयार करणे, हे ते कसब. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल येथे कॅनडाच्या फौजेतील अधिकाऱ्यांना तयार करणारी शाळा त्यांनी चालवली. विशी ओलांडली नव्हती तोच ते ब्रिगेडियर जनरल झाले. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात इतक्या कमी वयात हा हुद्दा मिळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

१९१८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या हवाई दलाने त्यांना मागून घेतले आणि हेस्टिंग्ज परिसरातील छात्रांची ब्रिगेड त्यांच्या हवाली केली. राजपुत्र आल्बर्ट, म्हणजे पुढे राजे सहावे जॉर्ज झाले ते, तिथे त्यांच्या हाताखाली होते. हा तपशील पुढच्या कहाणीत उपयोगी आहे. प्रतिष्ठित लोकांशी असलेली ऊठबस आणि सामान्यांची गर्दी हाताळण्याची हातोटी, या दोन्ही गोष्टी क्रिचलींपाशी एकाच वेळी होत्या. कुत्र्यांच्या शर्यतीसारख्या, सभ्य समाजाने नाक मुरडावे अशा धंद्याला नेमकी याच दोहोंची गरज होती.

युद्ध संपल्यावर ते व्यापारात शिरले, सिमेंटच्या धंद्यात त्यांनी बस्तान बसवले. १९२५ च्या सुमारास चार्ल्स मन हे अमेरिकन व्यावसायिक त्यांना भेटले. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी यांत्रिक ससा तयार केला होता आणि लंबवर्तुळाकार धावपट्टीवर ग्रेहाउंड पळवण्याचा प्रयोग कॅलिफोर्नियात सुरू केला होता. त्या यंत्राचे हक्क घेऊन मन इंग्लंडमध्ये हिंडत होते. पण दाद लागत नव्हती. इंग्रजांना ही कल्पना अगदीच नवी होती असेही नाही. लंडनजवळ हेंडन येथे १८७६ साली सरळ रेषेतल्या ४०० यार्डांवर खोटा ससा पळवून झाला होता. तो खेळ टिकला नाही, कारण सरळ रेषेत जो कुत्रा वेगवान तोच दर वेळी जिंकतो, आणि निकाल आधी ठाऊक असेल तर पैज लावणार कोण? स्मिथ यांच्या धावपट्टीला वळणे होती. वळणावर धक्काबुक्की होते, बाहेरून पळणाऱ्याला जास्त अंतर तोडावे लागते, मागचा पुढे येतो. जुगाराला लागणारी अनिश्चितता या वळणांनी आणली.

त्याआधी ग्रेहाउंडचा खेळ म्हणजे कोर्सिंग. मोकळ्या रानात जिवंत सशामागे दोन कुत्रे सोडायचे आणि पंचांनी त्यांच्या पाठलागाला गुण द्यायचे. आपल्याकडे मुधोळच्या कुत्र्यांची शिकारीतील कामगिरी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही जात निराळी समजावून सांगायला नको. लांब पाय, खोल छाती, सपाट पोट आणि नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त. रानातल्या या खेळाला ठरावीक अंतर नव्हते. ससा नेईल तिथवर धाव. लिव्हरपूलजवळच्या वॉटर्लू कपसारख्या स्पर्धेत तर एकाच कुत्र्याला फेरीमागून फेरी पळावे लागे. तिथे वेगाइतकीच दमाला किंमत होती. ग्रेहाउंडच्या रक्तात दम आला तो या रानातून.

क्रिचलींनी सर विल्यम जेंटल आणि मेजर लाइन-डिक्सन यांना सोबत घेतले, सुमारे २२ हजार पौंड उभे केले आणि ग्रेहाउंड रेसिंग असोसिएशन ही कंपनी काढली. पुढे जे घडले ते वेगाने घडले. १९२७ च्या जूनमध्ये लंडनचे व्हाइट सिटी, जुलैमध्ये हॅरिंगे, आणि वर्ष संपेपर्यंत देशभर मिळून ४० मैदाने उभी राहिली होती. १९२८ साली खेळाचे नियम ठरवणारी नॅशनल ग्रेहाउंड रेसिंग क्लब ही संस्था आली.

या यशाचे मर्म क्रिचलींनी नेमके हेरले होते. घोड्यांच्या शर्यती दिवसा, बहुधा कामाच्या वारी आणि शहरापासून दूर होत. कारखान्यातल्या कामगाराला तिथे जाणे जमत नसे. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैज लावणे गुन्हा ठरले होते. मात्र शर्यतीच्या मैदानावर बुकीशी रोखीने पैज लावण्यास आडकाठी नव्हती. मग मैदानच कामगाराच्या वस्तीत आणले तर? भोंगा झाल्यावर घरी जाऊन, हातपाय धुऊन, ट्रामने यावे, दिव्यांच्या प्रकाशात शर्यती पाहाव्यात आणि झोपेच्या वेळेला घरी परतावे. शर्यत अर्ध्या मिनिटाची, मध्ये पैज लावायला पाव तास. सैन्यात त्यांनी माणसांच्या तुकड्या वेळापत्रकाने तयार केल्या, इथे करमणूक वेळापत्रकाने तयार केली. फरक एवढाच.

या वेळापत्रकात लांब पल्ल्याला स्थान कुठे होते, हा कळीचा मुद्दा.

सुरुवातीला होते आणि मानाचे होते. इंग्रजांनी या नव्या खेळाला घोड्यांच्या शर्यतीतली थोर नावे बहाल केली. डर्बी आली, सेंट लेजर आली, सिझरविच आली. आपल्या वाचकांना ही नावे परकी नाहीत. महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची आणि पुण्याच्या रेसकोर्सवरची इंडियन सेंट लेजर २८०० मीटरची, हे मुंबई-पुण्यातला कोणताही रेसचा शौकीन झोपेतून उठवले तरी सांगेल. सेंट लेजर म्हणजे दम पाहणारी शर्यत, हा अर्थ त्या नावातच मुरलेला. कुत्र्यांची सेंट लेजर १९२८ पासून वेम्बलीला सुरू झाली, ७०० यार्डांची, म्हणजे ६४० मीटरची. सिझरविच वेस्ट हॅमला, ६०० यार्डांची. व्हाइट सिटीची डर्बी मात्र पहिल्या वर्षी ५०० आणि नंतर ५२५ यार्डांची. यातली गंमत अशी की, डर्बी होती क्रिचलींच्या कंपनीच्या मैदानावर, तर वेम्बली आणि वेस्ट हॅम दुसऱ्यांच्या मालकीची. ठरवून झाले असे म्हणता येणार नाही. तरीही खेळाचा मुकुटमणी म्हणून जी शर्यत लोकांच्या मनात ठसली, ती अर्ध्या मिनिटाची होती.

व्हाइट सिटीचीही एक गोष्ट आहे. हे मैदान १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी बांधले गेले. विंडसरच्या राजवाड्यापासून निघालेली मॅरेथॉन तिथे राजासनासमोर संपली, आणि ते २६ मैल ३८५ यार्डांचे अंतर पुढे जगभर मॅरेथॉनचे अंतर म्हणून कायम झाले. इटलीचा दोरांदो पिएत्री याच मैदानात शेवटच्या फेरीत कोसळत, उठत, पुन्हा कोसळत अंतिम रेषेपर्यंत आला आणि पंचांनी हात दिला म्हणून बाद ठरला. माणसाच्या दमाची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा जिथे झाली, त्याच जागी १९ वर्षांनी क्रिचलींनी तीस सेकंदांचा खेळ मांडला. ऑलिम्पिकनंतर हे मैदान बहुतांशी ओस पडले होते. कुत्र्यांनी ते जगवले, हेही विसरता कामा नये.

त्या काळातले सर्वांत मोठे नाव एका कुत्र्याचे आहे. आयर्लंडमधल्या किली गावचे धर्मगुरू फादर ब्रॉफी यांच्याकडे जन्मलेला मिक द मिलर. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने डर्बी जिंकली. सलग १९ शर्यती जिंकण्याचा विक्रम केला. १९३० ची सिझरविचही त्याचीच. १९३१ च्या डर्बीत तो पुन्हा पहिला आला, पण दुसऱ्या एका कुत्र्याने धावताना झुंज केल्याच्या कारणावरून शर्यत रद्द झाली आणि त्याच रात्री पुन्हा पळवण्यात आली. दमलेला मिक हरला. मैदान व्हाइट सिटीचे, म्हणजे क्रिचलींचेच. प्रेक्षकांचा संताप अनावर झाला होता. मिकची कारकीर्द तिथेच आटोपली असे सर्वांना वाटले. आणि मग त्या वर्षीची सेंट लेजर आली. वय पाच वर्षांचे, म्हणजे ग्रेहाउंडच्या हिशेबात उतारवय. अंतर ७०० यार्ड, वळणे सहा. मिक ती शर्यत जिंकला आणि त्यानंतर कधी पळाला नाही. चपळाईने नाव मिळवलेल्या कुत्र्याची अखेरची शर्यत दमाची होती! १९३९ मध्ये तो मेला. त्याचे पेंढा भरलेले शरीर ट्रिंग येथील संग्रहालयात जतन केले आहे.

कारण साधे आहे. ग्रेहाउंड पहिल्या काही ढांगांतच ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो आणि चार वळणांपर्यंत हा वेग बराचसा टिकवतो. त्याच्या पुढची वळणे म्हणजे वेगळाच खेळ. पुढे पळणारे मंदावू लागतात, मागून येणारा एकेकाला गाठत जातो आणि मैदानातल्या माणसाला पाहायला अवधी मिळतो. चार वळणांची शर्यत निकालासाठी पाहतात, सहा किंवा आठ वळणांची शर्यत शर्यतीसाठी पाहतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पैज लावणाऱ्याला यातले काय हवे असते, ते उघड आहे.

क्रिचलींची स्वतःची धाव या काळात अनेक अंगांनी चालू होती. राजकारणाने त्यांना बरेच दिवस हुलकावणी दिली. १९२९ साली मँचेस्टरच्या गॉर्टनमधून ते पराभूत झाले. १९३१ मध्ये वृत्तपत्रसम्राट लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या साम्राज्यांतर्गत मुक्त व्यापाराच्या मोहिमेचे उमेदवार म्हणून पूर्व इस्लिंग्टनच्या पोटनिवडणुकीत हरले. अखेर १९३४ मध्ये ट्विकनहॅममधून हुजूर पक्षातर्फे निवडून आले आणि दीड वर्षाच्या आतच संसदेबाहेर पडले. त्याच वर्षी संसदेत पैजांसंबंधीचा कायदा झाला. चर्चिल यांच्यासारख्या नेत्यांना हा खेळ म्हणजे निव्वळ जुगार वाटे आणि त्यांनी तसे सुनावलेही होते. नव्या कायद्याने कुत्र्यांच्या मैदानांवर टोट चालवायला अधिकृत परवानगी मिळाली, पण वर्षातून पैज लावण्याचे दिवस १०४ वर बांधले गेले. दिवस मोजके, त्या दिवसातले तासही मोजके. मग प्रत्येक शर्यत हा मोजून वापरायचा ऐवज झाला. ज्या शर्यतीत पैसा खात्रीने फिरतो तीच पुन्हा पुन्हा लावण्याकडे चालकांचा कल होणे स्वाभाविक होते.

खेळाडू म्हणून ते गोल्फचे पक्के. १९३७ मध्ये सँडविच येथील ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धेला पोहोचण्यासाठी अमेरिकेहून जहाजाने आलेले क्रिचली धुक्यामुळे खोळंबले, तेव्हा त्यांनी खासगी विमान ठरवले आणि आपण आलो आहोत हे कळावे म्हणून मैदानावर घिरट्या घातल्या. तरीही काही मिनिटे उशीर झालाच आणि पंचांनी त्यांना बाद केले. घड्याळावर साम्राज्य उभारलेल्या माणसाला घड्याळानेच असे हरवावे! पुढच्याच वर्षी डायना फिशविक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या १९३० च्या ब्रिटिश महिला हौशी गोल्फ विजेत्या, पतीपेक्षा सरस खेळाडू म्हणता येतील अशा.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना पुन्हा तेच काम मिळाले, ज्यात त्यांचा हातखंडा होता. हवाई दलाच्या भावी वैमानिकांचे प्राथमिक प्रशिक्षण त्यांच्याकडे सोपवण्यात आले, हुद्दा एअर कमोडोरचा. १९४३ ते १९४६ ते बीओएसी या सरकारी विमान कंपनीचे महासंचालक होते. त्यानंतर स्कायवेज ही खासगी विमान कंपनी काढण्यात त्यांचा पुढाकार होता. कुत्र्यांच्या मैदानांवर याच सुमारास, १९४६ साली, गर्दीचा कळस झाला. युद्धातून परतलेल्या लोकांच्या खिशात थोडा पैसा होता आणि खर्च करायला दुकानात माल नव्हता. ती गर्दी पुन्हा कधी झाली नाही.

१९५० च्या दशकात क्रिचलींची दृष्टी पूर्णपणे गेली. ज्या माणसाने लोकांना अर्ध्या मिनिटात डोळ्यांचे पारणे फेडायला शिकवले, त्याचेच डोळे मिटले. १९६१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. नेमके त्याच वर्षी, १ मे १९६१ पासून, ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पैजेची दुकाने कायदेशीर झाली. क्रिचलींचा खेळ ज्या अडचणीच्या जमिनीत उगवला होता, ती अडचणच सरकारने काढून टाकली. पैज लावायला आता मैदानात जायची गरज उरली नाही. ९ फेब्रुवारी १९६३ रोजी ते निवर्तले, तेव्हा मैदानांवरच्या पायऱ्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या.

लांब पल्ल्यावर खरा घाव पडला तो त्यांच्यानंतर. १९६७ मध्ये पैजेच्या दुकानांना दुपारच्या वेळी शर्यती पुरवणारी व्यवस्था सुरू झाली. हिवाळ्यात हिमामुळे घोड्यांच्या शर्यती रद्द झाल्या तरी दुकानात काहीतरी चालू असावे, हा हेतू. मैदानातला प्रेक्षक गौण झाला, दुकानातला गिऱ्हाईक मुख्य. त्याला दर थोड्या मिनिटांनी सहा कुत्र्यांची, बऱ्यापैकी तुल्यबळ, झटपट निकाल देणारी शर्यत हवी. चार वळणांच्या अंतरासाठी एका दर्जाचे सहा कुत्रे कोणत्याही मैदानावर सहज मिळतात. आठ वळणांसाठी दमाचे सहा कुत्रे, तेही साधारण एकाच ताकदीचे, एका वेळी गोळा करणे अवघड. लांब पळालेल्या कुत्र्याला विश्रांतीही अधिक लागते. म्हणजे प्रशिक्षकाच्या दावणीला तोच कुत्रा महिन्यातून कमी वेळा कमावतो. मग प्रशिक्षक तसे कुत्रे ठेवीनासा होतो, पैदास करणारा सुरुवातीला झेप घेणाऱ्या नराकडेच माद्या नेतो, आणि दमाचे कुत्रे आणखी दुर्मीळ होतात. वळणे जितकी जास्त तितका टकरीचा धोका जास्त, हाही मुद्दा अलीकडे प्राणिमित्र आग्रहाने मांडतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. या साखळीत कोणी एक दोषी नाही. प्रत्येकाने आपला हिशेब चोख ठेवला, एवढेच.

मध्यंतरी एकदा लांब पल्ल्याचे दिवे फार तेजाने पेटले होते. बीबीसीने १९५८ पासून दमाच्या कुत्र्यांसाठी टीव्ही ट्रॉफी ठेवली होती. १९८० च्या दशकात स्करलॉग चॅम्प नावाचा कुत्रा आला. पेटीतून सुटल्यावर हा सर्वांत मागे, आरामात. आणि शेवटच्या फेरीत एकेकाला मागे टाकत पुढे. लोक वेडे झाले. १९८५ आणि १९८६ ची टीव्ही ट्रॉफी त्यानेच नेली. त्याच वेळी बॅलीरेगन बॉब हा दुसरा दमदार कुत्रा एकामागून एक शर्यती जिंकत होता. डिसेंबर १९८५ मध्ये वेम्बलीला दोघांची गाठ घालून देण्यात आली. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण, देशभर चर्चा. स्करलॉग चॅम्प सुरुवातीलाच लंगडला आणि थांबला. बॉब एकटाच गाजला. पुढच्या डिसेंबरात बॉबने सलग ३२ वा विजय मिळवून जागतिक विक्रम केला. ही दोन्ही नावे चार वळणांच्या शर्यतींनी दिलेली नाहीत.

मैदाने एकेक करून गेली. वेस्ट हॅम १९७२ मध्ये, व्हाइट सिटी १९८४ मध्ये, हॅरिंगे १९८७ मध्ये. वेम्बलीवर १९९८ मध्ये कुत्रे शेवटचे पळाले. एके काळी याच वेम्बलीच्या मालकांनी शुक्रवारच्या कुत्र्यांच्या शर्यती रद्द करायला नकार दिल्यामुळे १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना व्हाइट सिटीला हलवावा लागला होता, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. शहरातल्या जमिनीचा भाव कुत्र्यांच्या कमाईच्या फार पुढे गेला. सेंट लेजर वेम्बलीहून विम्बल्डनला आणि विम्बल्डन २०१७ मध्ये बंद झाल्यावर बर्मिंगहॅमच्या पेरी बारला गेली. जिथे पहिली शर्यत झाली ते बेल व्ह्यूचे मैदान साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदीत बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. शेवटच्या रात्रीची शर्यत पाहण्याची, निरोप घेण्याची संधीही मँचेस्टरकरांना मिळाली नाही. ती जागा घरे बांधण्यासाठी देण्यात आली.